मोटारसायकलीच्या ब्रेकबाबत अखेरची इच्छा

सर्वप्रथम तक्रार. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाने या दस्ताच्या मथळ्यात ‘मृत्यूपत्र’ असा ‘त्यू’ तीन वेळा दीर्घ केला. मृत्यू एकटा येतो तेव्हा दीर्घ असतो. समासात पत्रासोबत आला की ऱ्हस्व होतो. एवढी नम्रता मृत्यूलाही आहे, टंकलेखकाला नाही. तो म्हणाला, “सर, मरणाऱ्याला काय फरक पडतो?” मरणारा संस्कृतचा मास्तर असला तर पडतो. म्हणून हा मजकूर मी स्वहस्ते लिहीत आहे.

मी देवचंद पितांबर अहिरे, वय चोपन्न, व्यवसाय शिक्षक, राहणार शिरपूर, जिल्हा धुळे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना त्याबद्दल शंका आहे त्यांनी ती वेळोवेळी माझ्या तोंडावर बोलून दाखवलेली आहे, माझ्यामागे नव्याने काढू नये. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी पत्नी सुमनबाई महिनाभर म्हणते आहे, की आत्ताच काय घाई आहे.

घाई आहे ती मोटारसायकलीमुळे. सुमनबाईला ती भंगारात द्यायची आहे. मुलगी साक्षी ती मागते आहे. दोघींना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय न्याय होणार नाही. बाकी मिळकत किरकोळ आहे, ती आधी उरकतो.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक सुमनबाईची. घर तसेही तिचेच आहे; मी तिथे जेवतो.

कलम २. संस्कृत पुस्तके शाळेच्या ग्रंथालयास. सुमनबाईचे थोरले बंधू नथ्थूभाऊ, मुक्काम शिंदखेडा, यांनी लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा सर्वांसमोर विचारले होते, “संस्कृत शिकीसन काय मेलेल्या लोकांशी बोलशील?” त्यांना मी मोटारसायकलीचा काढून ठेवलेला जुना हॉर्न देतो. तो इंजिन तापल्याशिवाय वाजत नाही आणि एकदा वाजू लागला की थांबत नाही. दोघांचे जमेल.

कलम ३. माळ्यावरच्या पेटीतले पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर आमचे मिस्तरी असलमभाई यांचे आहेत, ते परत करावेत. खुद्द असलमभाईंना मी काहीही देत नाही. कारण प्रेमाचा अभाव नव्हे. ते या दस्तावर साक्षीदार आहेत, आणि ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीला उभे राहू नये असे वकील सांगतात. त्याच नियमाने आमची साक्षी, नावाने साक्षी असूनही, साक्षीदार होऊ शकत नाही. व्याकरणाला हे मान्य नाही, पण कायद्यापुढे ते गप्प बसले.

कलम ४. मोटारसायकल. बाबांनी, म्हणजे वायरमन पितांबर अहिरे यांनी, १९८१ साली घेतली. टाकीवरचे कंपनीचे नाव पुसले गेले आहे. मी बी.ए.ला संस्कृत घेतले तेव्हा भावकी हसली. बाबांनी मला हिच्यावर मागे बसवून धुळ्याला नेले आणि प्रवेश घेऊन दिला. त्या दिवशी वाटेत प्लग दोनदा काळा झाला. अजूनही होतो. पेट्रोलचा कॉक बंद केला तरी थेंब थेंब गळतो. डावा इंडिकेटर लावला की उजवाही मनाला लावून घेतो. दिवा इंजिनाच्या मर्जीवर: वेग वाढला की उजेड, थांबलो की अंधार. काटा चाळीसवर अडकलेला आहे, त्यामुळे ती उभी असतानाही चाळीसने जाते. हे सर्व दोष जुने आहेत आणि वारसाने ते निमूट घ्यावेत. दुरुस्त करू पाहिल्यास नवे उद्भवतात.

कलम ५. दर पाच वर्षांनी हिची तपासणी होते. या जानेवारीत मी आणि असलमभाई तिला तपासणीच्या मैदानावर घेऊन गेलो. तपासणारे साहेब कोकणातले, नवे. आमची अहिराणी त्यांच्या कानाला नवीन. चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला, धूर पाहिला, दिव्यापुढे “मंद” असे लिहिले. ब्रेकपाशी आल्यावर विचारले, ब्रेक किती आहे? असलमभाई म्हणाले, “शे.” आमच्याकडे शे म्हणजे आहे. साहेबांना वाटले शंभर. त्यांनी “ब्रेक : १००” असे लिहून गाडी पास केली. मी मास्तर असून चूक दाखवली नाही, याची इथे कबुली देतो. परतताना आम्ही चहाला थांबलो आणि चहा निवेपर्यंत हसत राहिलो.

कलम ६. आता मुद्दा. दर शनिवारी संध्याकाळी मी आणि सुमनबाई हिच्यावरून तापीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. मार्चमधल्या एका शनिवारी पुढे केळीचा ट्रॅक्टर थांबला, मी उजव्या पायाने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबली नाही. हाताचा ब्रेक आवळून कडेच्या मातीत घातली तेव्हा कुठे थांबली. सुमनबाईच्या कोपराला खरचटले. ती म्हणाली, “म्हातारी झाली हो ही आता.” मी म्हणालो, हो. वर साहेबांचे ते शंभरही सांगितले, की पास झाली ती एका शब्दाच्या घोटाळ्याने. तेव्हापासून ती भंगारवाल्याला बोलवा म्हणते आहे.

दुसऱ्या दिवशी असलमभाईंनी मागचे चाक खोलले. लायनर पाहिले, रॉड पाहिला, परत बसवले, चालवून पाहिले. मग मला गाडीवर बसवले आणि ब्रेक दाबायला लावला. मी जोर लावून दाबला. ते खाली बसून माझ्या बुटाकडे पाहत होते. बूट पायठेवणीवर होता, ब्रेकवर नव्हताच; मला कळले नाही. ते हलक्या आवाजात म्हणाले, “ब्रेक बराबर शे, सर. तुमना पायले समजत नही.”

म्हणजे त्यांचे ‘शे’ पहिल्यापासून खरे होते. मी एका निर्दोष गाडीवर आळ घेतला आणि तो महिनाभर तसाच राहू दिला.

साक्षी जळगावला रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दोन वर्षे ती फोनवर म्हणते आहे, “बाबा, साखरेचा रिपोर्ट पाठवा, साखर वाढली की पाय बधिर होतात.” जानेवारीत मी तिला गाडीचा रिपोर्ट पाठवला होता. ती हसली नव्हती. येत्या सोमवारी मी जळगावला जाऊन तिच्याच हाताने रक्त काढवून घेणार आहे. बसने.

कलम ७. सबब, मोटारसायकल साक्षीची. माझ्या पश्चात नव्हे, आजपासून. भंगारात देऊ नये. हा कागदही कपाटात न ठेवता आजच जेवणाआधी सुमनबाईच्या हातात द्यायचा आहे.

कलम ८. माझ्या मागे विहारात वंदना व्हावी, भाषणे नकोत. नथ्थूभाऊ बोलणारच, त्यांना आधी चहा द्यावा.

मरणाची मला विशेष काळजी नाही, पायाची थोडी आहे. खरी काळजी वेगळी आहे. एकोणतीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघे घरात समोरासमोर बसून कधी नीट बोललो नाही. साक्षीचे शिक्षण, बाबांचे आजारपण, सुमनचे नोकरी सोडणे, जे बोललो ते गाडीवर, ती मागे आणि मी पुढे, एकमेकांचे तोंड न पाहता. आता ती माझ्या मागे बसणार नाही, आणि बसूही नये. शनिवारी संध्याकाळी तिच्यासमोर खुर्चीत बसून काय बोलायचे, ते मला येत नाही.

सही : देवचंद पितांबर अहिरे

आमच्यासमक्ष, वाचून, शुद्धीवर असताना सही केली :
साक्षीदार १. असलम रहीम मिस्तरी, शिरपूर
साक्षीदार २. प्रशील वामन बैसाणे, सहशिक्षक, शिरपूर

स्थळ : शिरपूर
दिनांक : १२ एप्रिल २०२६