वैशाखाच्या आत सावली देईल असं झाड

शेंद्रा
१६ नोव्हेंबर २०२५

आबा,

पाया पडते. जवळ आले तर पाय मागं घ्याल, म्हणून लांबूनच पडते.

आदिनाथदादा, हे पत्र तूच वाचून दाखवणार, मला माहीत हाय. तर मधलं काही गाळायचं नाय, उगं खोकायचं नाय, आणि आबा उठून चालले तर मागं मागं जाऊन वाचायचं. मी फोन लावला की तू कट करतोस. आबांच्या फोनात तर माझा नंबरच बंद करून ठेवलाय तू. आता तिकीट लावून बोलायची पाळी आणलीस बहिणीवर.

आम्ही बरे हाओत. आकाशची कंपनीत दिवसपाळी चालू हाय. सासूबाई शेजारच्यांची मिरची निवडून देतात आणि दिवसभर माझ्यावर लक्ष ठेवतात. तुमची मेंढरं कातरून झाली का? लंगडी मेंढी हाय का गेली? वहिनीच्या बाळाला दात आले असतील. वरचे आले का आधी खालचे?

आता कामाचं लिहिते. आबा, मला एक झाड सांगा.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं स्वयंपाकाची पडवी. वर पत्रा. दार उगवतीला, आणि मावळतीला मोठी भिंत. दुपार कलली की ऊन त्या भिंतीला जे चिकटतं ते दिवस मावळेपर्यंत सोडत नाय. भिंतीच्या पलीकडं रस्त्यापर्यंत थोडी जागा रिकामी हाय. तिथं झाड लावायचंय. भिंतीवर आणि पत्र्यावर सावली पडली पाहिजे, आणि वैशाखाच्या आत पडली पाहिजे.

वैशाखात मला बाळ होणार हाय, आबा. चौथा लागलाय.

दादा, थांबू नको. वाच पुढं.

जालना रोडच्या नर्सरीत जाऊन आले. तिथला माणूस बोलका हाय. गुलमोहर नको म्हणला, ऐन उन्हात त्याला पानंच नसतात आणि वाऱ्यात फांद्या मोडून पत्र्यावर पडतात. करंज लावा म्हणला, त्याची सावली गार आणि दाट, वैशाखात हिरवागार असतो. मी विचारलं, वैशाखापर्यंत केवढा होईल? तर हसायला लागला. "ताई, झाड हाय का कोंबडी? पाच वर्षं द्या, पत्रा झाकून टाकंल." मला हसू आलं नाय. मी तशीच रिकाम्या हातानं परत आले.

आकाश म्हणतो, कूलर घेऊ. कूलरला पाणी कुठून आणायचं? नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, आणि उन्हाळ्यात लाईट जाते ती दुपारीच जाते. हे त्याला पण माहीत हाय. काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो बिचारा.

तुम्हाला आठवतं का, तुम्ही मेंढवाड्याच्या कडेला वडाची फांदी रोवली होती? दंडाएवढी जाड, पुरुषभर उंच. मी शाळेतून आले आणि म्हणलं, आबा, वाळलेलं लाकूड लावून कुठं झाड येतं व्हय? तुम्ही म्हणलात, "गप. पाणी घाल." मी घातलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्याखाली कोकरं बसायला लागली. ती फांदी कशी तोडायची, वरच्या टोकाला काय लावायचं, किती खोल गाडायची, एवढं कळवा. दुसरं काही मागत नाय.

दारात एक पिंपळ हाय, कमरेएवढा. सासूबाईंनी लावलाय. आता तुमच्या कपाळाला आठ्या पडणार. पिंपळावर मुंजा असतो, तो गावाबाहेर बरा, घराजवळ नको, असं तुम्हीच सांगायचात, आणि तुमचं नाव त्याचंच. सासूबाई म्हणतात हा बोधिवृक्ष, याच्याखाली बुद्धांना ज्ञान मिळालं. मी दोघांचं ऐकून घेते आणि भांडी धुतलेलं पाणी त्याला घालते. तो कशासाठी लावला ते आज लिहीत नाय.

तुमची
ज्ञानेश्वरी


शेंद्रा
८ फेब्रुवारी २०२६

आबा,

पाया पडते.

उत्तर आलं नाय. पोस्टमन आता मला लांबून बघितलं की हातानंच नाय म्हणतो.

दादा, तू पत्र वाचून दाखवलंस का चुलीत घातलंस? खरं सांग. लहानपणी माझी पाटी फोडून माझंच नाव सांगणारा तू. तुझा काय भरवसा.

शेवटी करंज आणला मी. चांगला कंबरभर होता. भिंतीपासून लांब खड्डा घेतला, शेणखत घातलं, आळं केलं. दोन दिवस लई छान दिसला. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या शेळीनं शेंड्यापासून बुडापर्यंत खाऊन टाकला. हसा आबा, पोटभर हसा. शेरडा-मेंढरांत वाढलेली पोर, आणि कुंपण करायचं विसरली. मग शेवगा लावला. दारात शेवगा नको म्हणतात, तरी लावला, झटकन वाढतो म्हणून. वाढला पण. आणि परवाच्या वाऱ्यात मधोमध मोडला. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं, शेंगा तरी कुठं खाणार होतो आपण." मी त्यांच्यावर ओरडले. त्या मोडलेला शेवगा उचलून मागं टाकून आल्या.

पिंपळाचं लिहिते आता. हे तुम्हाला कोणी सांगितलं असंल तर असंल.

मला आधी एक मुलगी झाली होती. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात. दवाखान्यातून आणली तेव्हा चांगली गुटगुटीत होती, नाक तुमच्यासारखं. याच खोलीत निजवायचो. पत्र्यावर पोती टाकून भिजवायचो, पाणी असलं तर. त्या दुपारी लाईट गेली आणि नळाचा वार नव्हता. मी ओली साडी बांधून तिच्यावर वारा घालत होते. ती प्यायची थांबली. मला वाटलं झोपली. हात लावला तर अंग चुलीवरच्या तव्यासारखं. आकाश कंपनीत. मी आणि सासूबाई तिला घेऊन रस्त्यावर धावलो, रिक्षा मिळाली, पण उपयोग झाला नाय. डॉक्टर म्हणाल्या, उष्णतेनं झालं. मी त्यांच्याशी भांडत बसले, अहो बाई, आम्ही तिला उन्हात नेलंच नाय, दार लावून घरातच होतो.

बारशाचं सामान आणून ठेवलं होतं. नाव ठेवायचं राहिलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, आपल्या तेराव्यासारखं असतं ते, सासूबाईंनी तिच्यासाठी पिंपळ लावला. सासूबाईंचं नाव कडूबाई हाय हे माहीत हाय ना तुम्हाला? त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी कडू नाव ठेवलं, की मरणाला गोड लागू नये. आजीनं तुमच्या वेळेला मुंजाबाला नवस केला तो पण त्याच भीतीनं. तुम्ही दोघं कधी भेटला नाहीत, पण तुमची दोघांची नावं ज्यांनी ठेवली ते एकाच काळजीत होते.

मला भीती वाटते आबा. फांदी, काठी, काहीही सांगा. दिवस चालले.

शेजारची मेघा माझ्याच बरोबरची, तिला पण सातवा. काल तिचा भाऊ मुराळी म्हणून तिला माहेरी न्यायला आला होता, थेट फर्दापूरहून, जीप करून. आता बाळंत होऊन, बाळ मान धरायला लागलं की येईल ती. मी तिची पिशवी भरून दिली. मुराळ्याला चहा पण मीच केला. एवढंच, बाकी काही नाय.

तुमची
ज्ञानेश्वरी


शेंद्रा
५ एप्रिल २०२६

आबा,

तुम्ही आला होतात.

मी दवाखान्यात तपासून घ्यायला गेले होते, त्याच दिवशी. परत आले तर भिंतीपलीकडं वडाची फांदी उभी. दंडाएवढी. वरच्या टोकाला शेणाचा गोळा, त्यावर फडकं बांधलेलं, तुमच्या जुन्या फेट्याचं. आणि चारी बाजूंनी बाभळीचे काटे, शेळीचं तोंड जाणार नाय असे. म्हणजे दादानं पत्र वाचलं. दादा, पाटीचं माफ केलं तुला.

सासूबाईंना मी तेच तेच किती वेळा विचारलंय. त्या पण कंटाळत नाहीत, परत पहिल्यापासून सांगतात. "एक म्हातारा माणूस आला, खांद्यावर फांदी. नाव सांगितलं नाय, पण नाक बघून कळलं मला. भिंतीपासून हातानं माप घेतलं. पहार आमचीच घेतली. मी म्हणलं, बसा भाऊ, येईलच ती. तर म्हणले, मेंढरं एकटी हायत. काटे लावताना म्हणले, शेळी लई वंगाळ जात, पोरीला सांगा. मग पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पिले. अजून हाय का म्हणले. अजून पिले."

मी तशीच रस्त्यानं पळाले. पोट धरून स्टॉपपर्यंत गेले. लोक बघत होते. तुम्ही गेलेले.

फांदी जगली आबा. गाठीगाठीला लाल पालवी फुटली. मी रोज सकाळी मोजल्यासारखी बघते. पण आता चैत्रातच पत्रा हात लावू देत नाय, आणि दुपारी त्या फांदीची सावली भिंतीवर पडते ती एक रेघ. काठीएवढी. मी खोलीत न बसता बाहेर उभी राहून त्या रेघेकडं बघत असते. त्या रेघेत मी बाळ कसं निजवू, सांगा.

मला हे पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तुमचीच लेक मी. पाच महिन्यांत सावली देणारं झाड नसतं. नर्सरीवाल्यानं सांगायची गरज नव्हती. तुम्हाला पण माहीत होतं, तरी एवढ्या लांबून खांद्यावर फांदी आणलीत.

मला दुसरं लिहायचं होतं, आणि ते लिहायचा धीर होत नव्हता, म्हणून झाडं विचारत बसले. करंज लावू का, वड लावू का. सावलीचं झाड मला माहीत हाय. तुमच्या अंगणात हाय. आपला लिंब. घराच्या मावळतीला आजोबांनी लावलेला, आता माळवद झाकून अर्ध्या अंगणावर आलेला. वैशाखात त्याच्याखाली बाज टाकली की गोधडी लागायची. वहिनीच्या बाळाची झोळी त्याच्याच फांदीला बांधली असंल. मातीच्या भिंती, वर डोंगराचा वारा. तिथं कुठलं लेकरू उन्हानं गेलेलं मी ऐकलं नाय.

मला न्यायला या.

सातव्यात लिहायला पाहिजे होतं. मेघाच्या भावाला चहा करताना माझ्या ओठांवर आलं होतं, पत्रात पण तिथपर्यंत आले आणि मागं फिरले. आठव्यात पोटुशीला हलवत नाहीत. आता नववा लागलाय, हलवता येतं. आपल्यात लेक आपली आपण उठून बाळंतपणाला येत नाय, मुराळी यावा लागतो. म्हणून मागते. लाज सोडून मागते.

घरात घेऊ नका. चुलीपाशी येणार नाय. लिंबाखाली बाज टाका, आडोशाला एक चादर बांधा, वहिनीनं पाणी तापवून पाला टाकून दिला तरी लई झालं. माझी भांडी मी वेगळी आणीन. दिवस भरले की दवाखान्यात न्यायला आकाश येईल, तो वेशीवर थांबायला तयार हाय. पाऊस पडून हवा गार झाली की मी बाळ घेऊन निघून जाईन.

सासूबाईंना म्हणलं, तुम्ही पण चला, मला तुमची सवय हाय. त्या म्हणाल्या, "मी नाय येत बाई. माझ्यापायी तुझी वाट अडायला नको. तू जा, मी झाडांना पाणी घालीन." आबा, मला तुमची लाज वाटली. माझी पण वाटली, कारण हे ऐकून मला आतून बरं वाटलं होतं. ज्या बाईच्या हातचं पाणी तुम्ही दोनदा मागून पिलात, ती असं म्हणते.

मी लग्न केलं तेव्हा तुम्ही माझ्या नावानं अंघोळ केलीत. विहिरीवर, सगळ्यांच्या देखत. मला कडुबामामानं फोन करून सांगितलं. मी तेव्हा रडले नाय. म्हणलं, ठीक हाय, मेले तर मेले. पण मग मला एक सांगा. मेलेल्या लेकीच्या दारात कोणी वड लावतं का? तिचं झाड शेळी खाईल म्हणून कोणी काट्यानं हात फोडून घेतं का? सासूबाईंनी बघितलं, हाताला रक्त होतं तुमच्या.

दादा, हे वरचं परत वाच. हळू वाच.

येत्या रविवारी मी पिशवी भरून उगवतीच्या दारात बसणार हाय, पिंपळापाशी. सकाळी तिथं ऊन येतं, येऊ दे. तुम्ही या नायतर दादाला पाठवा. दुपार झाली, ऊन भिंतीकडं गेलं, तरी मी उठणार नाय.

तुमची ज्ञानी,
अजून जिती