भिंत नसलेली बुरशी

३ जून
आले एकदाची! खिडकी उघडली की खारा वारा थेट टेबलावर. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, स्वतः चहा घेऊन आल्या. काम माझ्या आवडीचं आहे. समुद्रतळाच्या गाळातला एक जीवाणू असं द्रव्य सोडतो, की बुरशीचं एक एन्झाइम बंद पडतं. त्याच एन्झाइमच्या जोरावर बुरशी आपल्या पेशींची भिंत बांधते. भिंत नाही, म्हणजे ती फुटून मेलीच. ताईला फोनवर म्हटलं, भाऊजींच्या पायाच्या चिखल्यांचे दिवस भरले. ती खो खो हसली.

११ जून
आतल्या कक्षाला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. काचेपलीकडे तंत्रज्ञ काका बसतात, उगाच थट्टा करून मला हसवतात.
बुरशी पटापट मरतेय. फक्त एका बशीतली मेली नाही. त्या बशीत माझा केस पडला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ती केसाच्या आत शिरून बसलेली. स्वतःची भिंत नाही, म्हणून माझी घेतली. मोठ्या बाईंना मात्र आनंद मावेना.

१६ जून
हातमोजा फाटला होता, मला कळलंच नाही. आज अंगठ्याच्या नखाखाली दुधी थेंब दिसला. हलतो. बाईंना दाखवला. तपासण्या होईपर्यंत आतच राहा, म्हणाल्या. दोन्ही दारं बाहेरून बंद.

१८ जून
नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. इथली सगळी बुरशीच्या भिंतीवरच हल्ला करतात, आणि हिला भिंतच नाही. थेंब मनगटापर्यंत आलेत. ताईशी बोलू द्या म्हटलं, तर बाई नुसत्या लिहीत राहिल्या.
काका जेवण द्यायला आले. वर न बघता पुटपुटले, "पोरी, ते पाणी पिऊ नकोस."

१९ जून
पाणी तपासलं. त्यात तेच द्रव्य. मीच गाळलेलं! बुरशीला भिंत बांधता येऊ नये, ती माझ्यातच राहावी, म्हणून बाईंनी —
आता थेंबभरही पिणार नाही. तिला भिंत बांधू दे. मग औषध लागेल. लागायलाच हवं.

२० जून
घसा कोरडा. कोपर वाकत नाही. आत काहीतरी घट्ट होतंय —

२१ जून
पेन मुठीत धरलंय. भिंती बांधतेय ती. सांध्यांत. मानेत —
काकांनी दार उघडलं. दोन्ही दारं, एकदम, कुलपाची यंत्रणा तोडून. चल म्हणतात, रडतात. दार समोर आहे, सताड उघडं, आणि मला उठ