राजवाड्याच्या दोन खिडक्या

करडी,
नवरात्राची सप्तमी

प्रिय चंद्रकुमार,

अनेक आशीर्वाद. तू परवा दादांना फोन करून सांगितलंस, की यंदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावात नाटक बसवतोस, तेव्हा माळ्यावरचा राजवाड्याचा पडदा काढून त्याला ऊन दाखवून ठेवा. नऊ वर्षांनी धाकटा भाऊ मंडईला येणार म्हणून दादा तेव्हापासून घरभर गात फिरत आहेत. मला मात्र त्या पडद्याबद्दल तुला काही सांगायचं आहे, आणि फोनवर सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, नाहीतर मला रडू आलं असतं. म्हणून हिशेबाच्या वहीतलं मधलं जोडपान काढून लिहायला बसले.

आधी माळ्याचं सांगते. आपल्या माळ्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींत समोरासमोर झरोके आहेत. लहानपणी तू त्यांतून पाय बाहेर सोडून बसायचास आणि मी खालून ओरडायची. तीन वर्षांपूर्वी अशी झड लागली, की आठ दिवस सूर्यनारायणाचं दर्शन नाही. वाऱ्याबरोबर पाणी झरोक्यांतून आत आणि थेट खायचं धान साठवलेल्या ढोलीवर. मी पोत्यांचे बोळे केले, दोन्ही झरोके ठासून बंद केले आणि माझी मलाच शाबासकी दिली. पाचव्या दिवशी वर जाऊन पाहते तर छपराच्या कवेलूंना आतून घाम फुटलेला, ढोलीतून कुबट वास, हात घातला तर धान गरम! कवेलू फेरणाऱ्या डोमाला बोलावलं. तो बघून म्हणाला, "वहिनी, झरोक्याले टोपी घाला ना. त्याचा गळा काहून दाबून राहिल्या?" म्हणजे वारा खेळता राहिला पाहिजे आणि पाणी बाहेरच्या बाहेर घसरलं पाहिजे. वरून बांधलेली, खालून सुटी, अशी उतरती टोपी. बांबूच्या कमच्या तो आणणार होता, पण कापड पाणी न धरणारं हवं. दुकानातलं प्लास्टिक एका उन्हाळ्यात चिरतं, हे शेजारच्या पार्वताबाईच्या गोठ्यावर पाहिलेलं. मग माळ्यावरच नजर फिरवली. कोपऱ्यात तुझा पडदा गुंडाळलेला. तेलरंगाचे तीन हात दिलेला, पत्र्यासारखा कडक.

हो रे बाबा, कापला मी.

फक्त दोन खिडक्या कापल्या. खांब, सिंहासन आणि तो मोर यांना कात्री लावायची हिंमत झाली नाही. कापताना देवाचं नाव घेतलं, संध्याकाळी दिव्यापुढे कबूलही केलं. रोजच करते. पण देवाला काही नाटकात काम करायचं नाही, तुला करायचं आहे. टोप्या मात्र अशा बसल्या, की तीन पावसाळ्यांत आत थेंब नाही. रस्त्यानं येताना एक, पुढे जाऊन वळून बघशील तर दुसरी, अशा आपल्या माळ्याला राजवाड्याच्या दोन खिडक्या, लाल महिरपीच्या! पार्वताबाई येता-जाता हाक मारते, "काय करून राहिल्या राणीसाहेब? आज खिडकीत नाही दिसल्या!" आता पोस्टमनही आपल्या घराला राणीसाहेबांचं घर म्हणतो. दादांना वाटायचं, मी तुला विचारून कापलं. तुझा फोन आला तेव्हा त्यांनाही कळलं, आणि तेव्हापासून माझ्याकडे बघून मिशीत हसतात.

ते दोन तुकडे परत शिवता येत नाहीत. पावसानं त्यांचा रंग बराच धुतला आहे. मग काल पडदा अंगणात पसरला आणि भोकांच्या कडांना माझ्या हिरव्या लुगड्याचा काठ शिवून टाकला. आता त्या खऱ्याच खिडक्या झाल्या आहेत. तुझ्या नाटकात राणी असेल तर तिला मागून डोकावता येईल.

पण खरं सांगू, पडदा हे निमित्त. नऊ वर्षांपूर्वी त्या मंडईच्या दिवशी तू तालमीतून घाईघाईनं जेवायला आलास आणि ताट वाढता वाढता मी बोलून गेले, की पडद्यावरच्या राजवाड्यात भात शिजत नाही. तू भरल्या ताटावरून उठलास आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरलीस. पुढे नातलगांच्या लग्नाकार्यांत भेटत राहिलास, हसून बोललास, पण ते तूही कधी काढलं नाहीस, मीही नाही. आता तीन वर्षं आपल्या चुलीवर जो भात शिजतो, तो त्याच राजवाड्यानं कोरड्या राखलेल्या धानाचा आहे. माझं ते बोलणं खोटं ठरलं, चंदू. मी तुझं एकही नाटक पाहिलेलं नाही. यंदा दुपारीच जाऊन सगळ्यांच्या पुढे चटई टाकणार आहे. तू फक्त एवढं कर, तोंडाला रंग लावायच्या आधी घरी ये. तू सोडून गेलेलं ते ताट मी पुन्हा वाढणार आहे, ते पूर्ण संपवून मग जा.

तुझीच वहिनी,
आनंदाबाई