काज शाबूत आहे

प्रिय पोरी,

पाकीट मशीनवर शिवून पाठवतेय. टाके उसवलेले दिसले तर समज, तुझ्याआधी कोणीतरी वाचलंय. फोनवर बोलायची सोय राहिली नाही. जावईबापू आधी उचलतात, तुला देतात आणि तिथेच खाकरत उभे राहतात. हल्ली तुला हातात चहा आणून देतात म्हणे. पाच वर्षांत स्वतःचा कप न विसळलेला माणूस! मला तेव्हाच वास आला.

काल फोनवर रडत म्हणालीस, आई, माझ्या अंड्यांचं कवचच टणक, आत काही शिरतच नाही. कोणी सांगितलं? तर जावईबापूंनी. अगं, दवाखान्यात मी पण होते! तुला ताप म्हणून तपासणीचा निकाल ऐकायला ते एकटेच निघाले होते, तर मी आधीच गाडीत जाऊन बसले. तोंड बघायला हवं होतंस त्यांचं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यासारख्या शिवणवालीला कळेल असं सांगितलं. जावईबापूंचं बीज पोहतं झकास, अंड्यापाशी पोचतंही, पण नुसतं पोचून भागत नाही. बीजाच्या अंगावर एक प्रथिन असतं, अंड्याच्या अंगावर दुसरं. ती दोन्ही एकमेकांत अडकली तरच बीज आत जातं. म्हटलं, म्हणजे बटण आणि काज. बाई हसल्या, तसंच म्हणाल्या. तुझं काज शाबूत आहे. ह्यांच्या बीजाला बटणच नाही. जन्माचंच असतं, त्यात कोणाचा गुन्हा नाही. बारीक सुईनं बीज थेट आत सोडता येतं, मग बटण लागतच नाही, असंही म्हणाल्या.

जावईबापू सगळा वेळ फरशी बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, आई, तिला मी सांगतो, तुम्ही मध्ये पडू नका. बरं म्हटलं. नवरा-बायकोची गोष्ट. तर सांगितलं ते हे!

आणि आता सोमवारी जाऊन, दवाखान्यात ठेवलेली माझी गोठवलेली अंडी टाकून द्या, असं तू सांगणार. अंडी गेली की सुईही नको आणि ह्यांचं खोटंही उघडं पडायला नको. त्याला तुझ्या तोंडचा शब्द लागतो ना, म्हणून तो चहा! पोरी, तो शब्द देऊ नकोस. ह्यांना शेजारी बसव आणि बाईंना विचार, माझ्यात खोट काय आहे? उत्तर ऐकताना बाईंकडे नको, ह्यांच्याकडे बघ. पुढे त्यांच्याबरोबर राहायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझीच,
तोंडाळ आई