पहिला गिअर पुढेच जातो

२० सप्टेंबर, शनिवार

किट आलं. शॉर्ट शिफ्टर. गाडीतला लांबलचक गिअरचा दांडा काढायचा आणि त्या जागी हा आखूड, चकचकीत बसवायचा. मनगट हललं की गिअर पडतो. हेमलताने खोकं बघून विचारलं, मिक्सर आलाय का?

तिला ऑटोमॅटिक हवी आहे. म्हणे बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. गुडघा गेलेला नाही. निष्ठा गेली आहे. म्हटलं, ऑटोमॅटिक म्हणजे गाडी चालवणं नव्हे, नुसतं गाडीत बसणं. म्हणाली, मला बसायचंच आहे.

शेवटी तह. आयुधपूजेला आपली गाडी नव्या दांड्यासह लिंबं चिरडून पुढे गेली, तर तीच राहणार. नाही गेली, तर ऑटोमॅटिक. पुण्यात खंडेनवमीला झेंडूची माळ घातली की भागायचं. इथे कन्नड मुलखात कोहळा फोडतात, चाकांपुढे लिंबं ठेवतात, आणि गाडीने ती चिरडत पुढे जायचं. मागे येणं अशुभ. असो, आपला काय संबंध.

साक्षीदार आमची कस्तुरी. बारावीतली मुलगी इतकं वकिली हसते, हे बरं नव्हे.

२१ सप्टेंबर, रविवार, सकाळ

व्हिडिओतल्या माणसाला पाऊण तास लागतो. पण तो मध्ये कॉफी पितो. मी पीत नाही. अर्धा तास.

संध्याकाळ

दांड्याभोवतीचं प्लास्टिक निघालं. खाली राजगिऱ्याचा लाडू सापडला. अजून टणक. हल्ली असे लाडू होत नाहीत.

फत्तेसिंग अण्णा येऊन गेले. असोसिएशनचे अध्यक्ष. घराणं शिवकाळापासून इथलं, त्यामुळे त्यांचं मराठी कन्नडसारखं वाटतं आणि कन्नड हुकुमासारखं. माझं डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. त्यांनी पायांना विचारलं, काय की रे पुणेकर, जीव आहे का? मग म्हणाले, बेसमेंटात रिपेरी अलाउड नाही. म्हटलं, रिपेरी नाही, अपग्रेड. म्हणाले, सरी सरी, अपग्रेड स्वल्प लवकर आटप, आणि ऑइल सांडू नको.

जुना दांडा निघाला. आता काय, निम्मं काम झालं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

कंबर धरली आहे. ऑफिसात उभ्याने करायची स्टँडअप मीटिंग बसून केली. त्यावर विनोदही केला, मराठीत. कुणी हसलं नाही. हिंदीत करायला हवा होता.

हेमलताने शेकायची पिशवी दिली. म्हणाली, माझी आहे, परत दे.

२७ सप्टेंबर, शनिवार

बसला! काय देखणा दिसतो.

दांड्याला दोन केबल असतात. एक गिअरबॉक्सला पुढे-मागे सांगते, दुसरी डावं-उजवं. दुसरीची लांबी क्लिपने जुळवायची. व्हिडिओतला म्हणतो, मोजून मधोमध लावा. मी नजरेने लावली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारी नजर आहे ही. किंचित डावीकडे गेली असेल. किंचित.

जुन्या दांड्यावर रिव्हर्ससाठी वर ओढायची रिंग होती, पहिल्याच्या डावीकडचा रिव्हर्स चुकून पडू नये म्हणून. नव्यावर नाही. रिंग म्हणजे चालकावर अविश्वास. गेली ते बरंच झालं.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. टक. टक. टक. हेमलता म्हणाली, एक चक्कर तरी मारून ये. म्हटलं, ज्याला शंका असते तो ट्रायल घेतो. शिवाय कंबर वाकत नव्हती, पण ते तिला कशाला सांगा.

जिन्यात ती कठडा धरून चढत होती. नाटक. लिफ्ट बंद नसती तर दिसलंही नसतं.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

लिहायची इच्छा नाही. लिहितो.

आवारात गाड्यांची रांग. झेंडू, कुंकू, केळीचे खुंट. आपल्या गाडीच्या मागे प्रसादाचं टेबल. सेक्रेटरी गौरी पेढे मांडत होत्या. अण्णांनी कोहळा फोडला आणि ओरडले, पुणेकर फर्स्ट!

पहिला टाकला. टक. इतका सुरेख टक मी आयुष्यात ऐकला नव्हता. क्लच सोडला.

गाडी मागे गेली. अगदी मुलायम.

केळीचा खुंट आडवा. पेढे गौरींनी टेबलासकट ओढून वाचवले. बाईंना व्यायाम असावा. अण्णा म्हणाले, अय्यो, मागं काय येतोस की रे, लिंबू पुढं आहे! पुन्हा पहिला टाकला. पुन्हा मागे. कस्तुरी म्हणाली, बाबा, अजून थोडं मागे घ्या, पुणं येईल.

हेमलता आली आणि म्हणाली, उतर. उतरता येईना. कंबर तिथेच लॉक. अण्णा आणि वॉचमन यांनी मला काढलं, जसा मी दांडा काढला होता, पण कमी काळजीने.

ती बसली. दांडा इकडेतिकडे हलवून पाहिला. म्हणाली, पहिल्याच्या जागी रिव्हर्स आलाय, म्हणजे सगळं एक घर सरकलंय. तिसऱ्याच्या जागी पहिला असणार. टाकला. लिंबं फच्चकन चिरडली. टाळ्या. दांडा कुणी बसवला हे कुणीही विचारलं नाही.

घरी येऊन तह नीट आठवला. गाडी नव्या दांड्यासह पुढे गेली तर. गेली. चालवायची कुणी, असं कलमच नव्हतं. म्हणजे मी जिंकलो! तसं सांगितलं. हेमलता म्हणाली, जिंकलास. मग ती गुडघ्यावर बर्फ धरून बसली. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी दिसत होते. एक मोठा होता.

२ ऑक्टोबर, दसरा

ऑटोमॅटिक बुक केली. हरलो म्हणून नव्हे. जिंकलेल्या माणसाने उदार व्हावं, म्हणून. हे आधी कस्तुरीकडून वदवून घेतलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझ्या कमरेसाठी. म्हणाले, दिवाळी होईपर्यंत क्लच दाबायचा नाही. त्यांची स्वतःची ऑटोमॅटिक आहे. पूर्वग्रह.

२२ ऑक्टोबर, पाडवा

जुनी गाडी न्यायला माणूस आला. त्याला सांगितलं, तिसरा म्हणजे पहिला. म्हणाला, ओके सर. आणि मागे गेला.

संध्याकाळी नव्या गाडीतून हेब्बाळपर्यंत. हेमलता चालवत होती, मी शेजारी. कमरेला उशी. सबंध रिंग रोडभर ती गुणगुणत होती. किती वर्षांनी, ते आठवलं नाही. आठवायचा प्रयत्नही केला नाही.

प्रत्येक सिग्नलला ती म्हणायची, डावा पाय कशाला आपटतोस?

म्हटलं, मुंग्या आल्यात.