ब गटाचे आठ उंदीर

४ फेब्रुवारी, सोमवार
प्राणीघरात चोवीस उंदीर आले. तीन गट, प्रत्येकी आठ. अ गटाला काहीच नाही. ब गटाला कॅन्सरचं ते लाल इंजेक्शन, ज्यानं गाठ जाते आणि कधीकधी हृदयही. क गटाला तेच इंजेक्शन आणि रोज सकाळी पाल्याचा अर्क. ब खंगला आणि क टिकला, की अर्क खरा. मग तो पुढे माणसांपर्यंत नेता येईल.
आमची ही त्याच इंजेक्शनानं गेली. गाठ बरी होऊन गेली. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, वर्षही झालं नाही, हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का? म्हटलं, काही गरज नाही. मी भावनाप्रधान माणूस नाही.
संकल्प : उंदरांना नावं द्यायची नाहीत.

६ फेब्रुवारी
ब गटातल्या तीन नंबरचा कान मोडका आहे. त्याला मोडका म्हणतो. हे नाव नाही, वर्णन आहे.

१२ फेब्रुवारी
ब गट कोपऱ्यात अंग चोरून बसतो. खाणं तसंच पडलेलं. ही शेवटी शेवटी उशीला टेकून अशीच बसायची. मला म्हणायची, तुम्ही कशाला तोंड पाडून बसलाय, मरतेय मी.
निरीक्षण म्हणून लिहिलं. बाकी काही नाही.

१३ फेब्रुवारी
थोडा अर्क उरला. मोडक्याला पाजला. टाकून देणं माझ्या स्वभावात नाही.

१४ फेब्रुवारी
पुन्हा उरला. बरोबर आठ जणांपुरता. अंदाज चुकतोय. उद्यापासून मोजून करायचा.

१५ फेब्रुवारी
मोजून केला. सोळा जणांचा.

१७ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. बाबा, जेवलात का? जेवलो म्हटलं. चहा-बिस्किटं पोटातच जातात.
तिला सांगितलं, महिन्याभरात सिद्ध होईल की आईला हा अर्क मिळाला असता तर ती वाचली असती. ती म्हणाली, बाबा, सिद्ध झालं तर तुम्हाला बरं वाटेल की आणखी वाईट?
असले प्रश्न फोनवर विचारू नयेत. रेंज गेल्यासारखं केलं.

२१ फेब्रुवारी
ब गट टुणटुणीत. मॅडम पिंजऱ्यासमोर थबकल्या. म्हणाल्या, यांना इंजेक्शन नक्की दिलंय ना? दिलंय म्हटलं. एक अक्षर खोटं नाही.
ही असती तर म्हणाली असती, माझ्यापेक्षा उंदरांचं जास्त करताय. तिचंही केलं की. फक्त तेव्हा हातात काही नव्हतं.

४ मार्च, सोमवार
प्रयोग संपला. उंदीरही संपले. हृदयं तपासायला काचेवर गेली. मोडक्याचं हृदय बघून मॅडम म्हणाल्या, अगदी उत्तम. ऊर भरून आला. जरा वेळानं लक्षात आलं, ते उत्तम हृदय आता कुणाच्याच उपयोगाचं नाही.

६ मार्च
इंजेक्शन घेऊन ब ठणठणीत, क पण ठणठणीत. अर्कानं काही फरक पडला असं म्हणता येत नाही. अर्क बाद. मॅडम फाइल बंद करणार.
सोळाच्या सोळा त्यानं वाचवले होते आणि हे फक्त मला माहीत आहे.
संकल्प : उद्या सांगायचं. शांतपणे, शास्त्रीय भाषेत.

७ मार्च
सांगितलं. शास्त्रीय भाषा दारापर्यंतच आली. पुढे रडलो. मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाल्या, सगळं पुन्हा करावं लागेल. नवे चोवीस. उंदरांकडे दुसरं कुणी बघेल, तुम्ही काचसामान धुवा.
म्हणजे नवा ब गट येणार आणि त्याला खरोखरच काही मिळणार नाही. मी आठ वाचवले नाहीत. मरणारे चोवीस वाढवले.
मागणीपत्र मलाच भरायला लावलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, तांत्रिक चूक. मॅडमनी ते खोडलं आणि तिथे माझं नाव लिहायला सांगितलं.
लिहिलं. अक्षर चांगलं आलंय.