चंद्राचे मणी धुतल्याबद्दल

ज्या दुपारी मी चंद्राचे मणी नळाखाली धरले, त्या दुपारी माझं सगळं बदललं. म्हणून हे मृत्युपत्र तिथूनच सुरू करतो.

मी, वय वर्षे बावीस, घड्याळजींचा मुलगा, कॉलेज अर्धवट सोडलेला, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहितो. डोकं तापलेलं आहे, पण त्यानं कागद रद्द होत नाही, असं वकिलांना विचारून घेतलंय. धुमसत्या ज्वालामुखीच्या तोंडाशी वायूचे नमुने भरायच्या कामावर आज निघतोय, आणि रुजू होण्याआधी मृत्युपत्राची अट आहे.

कलम एक. सायकल धाकट्या बहिणीला. घंटी वाजत नाही, ओरडावं लागतं. तिला ते छान जमतं.

कलम दोन. भिंग बाबांना परत. त्यांच्याच टेबलावरून उचललं होतं. "चंद्रावरचे दगड बघून कुणाचं घड्याळ चालू होणार?" असं ते म्हणाले होते. बाबा, दगडातच घड्याळ असतं. त्यातलं युरेनियम हळूहळू शिसं होतं, त्यावरून वय कळतं.

कलम तीन. पलंगाखालचे बेसाल्टचे दगड खोलीतला दोस्त ढापण्या याला. चंद्रावरचे काळे डाग याच जातीच्या थिजलेल्या लाव्ह्याचे. फरक एवढाच, की तिथल्या दगडाला पाणी कधी शिवलेलं नाही.

कलम चार. हे मी मेल्यावरच उघड करावं.

ते नारिंगी मणी म्हणजे चंद्रावरच्या लाव्ह्याच्या कारंज्यातून उडून काच झालेले थेंब. त्यांच्यावर जस्त, गंधक, क्लोरीन यांचा पुसट थर होता; साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी ते कारंजं उडवणाऱ्या वायूचा श्वासच. तो मोजण्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं तीन वर्षं घालवली होती. मला ते धुळकट दिसले. पृथ्वीचा दगड आधी धुवायचा, ही हाताला लागलेली सवय. तिला लख्ख करून द्यावेत म्हणून धुतले. थर पाण्यात विरघळून गेला.

"मणी माझ्या ताब्यात होते, सर," ती म्हणाली. माझं नाव तिनं घेतलं नाही. सर तिला हलगर्जी म्हणाले, तेव्हा मी खुर्ची आपटून कॉलेजच सोडलं. सगळ्यांना वाटलं, काय प्रेम आहे! प्रेम होतंच. पण त्या आरडाओरड्यात, "मी धुतले" एवढं मात्र मी बोललो नाही.

मला ती 'घिसाडघाई' म्हणायची. कधी रागावून नाही.

इथवर लिहून कागद साक्षीदारांपुढे ठेवला. बाबांनी भिंग डोळ्याला लावून कलम चार दोनदा वाचलं.

"आणि ऐंशी वर्षं जगलास तर?"

मी पेनाला टोपण लावलं.

"तोवर हलगर्जी कोण? तीच ना?"

ढापण्या म्हणाला, "काका, याला मरायचीही घाई आणि बोलायला मात्र सवड हवी."

सबब कलम चार याद्वारे रद्द. ती कबुली जिवंतपणीच द्यायची आहे. बाकी कलमं कायम.

साक्षीदार: १. वडील, घड्याळजी. २. ढापण्या.
ठिकाण: आमची खोली. दिनांक: आजचा, दुपारचे चार.
सही: घिसाडघाई

ता.क. माझी गाडी साडेचारला, तिची आणि सरांची प्रयोगशाळा पाचला बंद होते. गाडी चुकली तर चुकली. कागद टेबलावर ठेवलाय. दार ओढून घेऊन निघालो.